बग म्हणजे नेमकं काय हे ठरवण्यात गेलेले चार महिने (माझा अनुभव)

नोकरी सांभाळून एमटेक करायचं खूळ घेतलं तेव्हा प्रोजेक्टला मुद्दाम सोप्पा वाटणारा विषय निवडला, ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रोजेक्टचा जुना इतिहास उपसायचा आणि कुठल्या फाइलींमधे बग, म्हणजे प्रोग्रॅममधले दोष, जास्त येतात ते शोधायचं. डेटा फुकट, अपाचे या ओपन सोर्स संस्थेच्या जावा प्रोजेक्ट्सचं जिरा (तक्रारी आणि मागण्या ‘तिकीट’ म्हणून नोंदवायची सिस्टीम) सगळ्यांना उघडं, कमिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक नोंदवलेल्या बदलाच्या मेसेजमधे तिकीट नंबर लिहायची तिथं पद्धत, म्हणजे दोन्ही जोडायला एक पायथॉन स्क्रिप्ट बास. दोन वीकेंडमधे ग्राफ तयार. सरांनी ग्राफकडे बघितलं सुद्धा नाही, म्हणाले यातली शंभर तिकिटं वाचलीस का?

नव्हती वाचली. इथंच घोडं पेंड खात होतं.

बग कुठल्या कमिटने घुसवला ते शोधायला एसझेडझेड नावाची पद्धत आहे, २००५ ची, स्लिवेर्स्की, झिमरमन आणि झेलर या तिघांच्या आडनावांवरून. फिक्समधे, म्हणजे बगच्या दुरुस्तीत, ज्या ओळी बदलल्या त्या आधी कुणी लिहिल्या ते मागे जाऊन बघायचं, त्यांच्या वेळी सीव्हीएस होतं (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी जुनी सिस्टीम), मी गिट ब्लेम लावलं (प्रत्येक ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी कमांड). तर माझ्या निकालात सगळ्यात मोठा गुन्हेगार निघाला तो फक्त स्पेस आणि इंडेंटेशन नीट करणारा एक बिचारा माणूस! ते स्पेस दुर्लक्षित करून निस्तरलं, पण मुळात तिकिटावर ‘बग’ लिहिलंय म्हणून तो बगच, हे धरून चालणंच चूक होतं. २०१३ साली हेर्झिग, युस्ट आणि झेलर यांनी सात हजारांवर तिकिटं हातानं वाचली होती, टॉमकॅट, ल्युसीन वगैरे पाच प्रोजेक्टमधली, आणि बग म्हणून नोंदवलेल्यांपैकी ३३.८ टक्के बग नव्हतेच. कुणी नवीन फीचर मागतंय, कुणी डॉक्युमेंटेशनची चूक दाखवतंय. बग असलेल्या म्हणून धरलेल्या फाइलींपैकी ३९ टक्के फाइलींमधे कधी बग नव्हताच. हे वाचून म्हटलं झालं, माझं सगळं मुसळ केरात.

मग हातानं वाचायला बसले. एकटीनं करून चालत नाही, दुसरं कुणीतरी तीच तिकिटं तुमचं उत्तर न बघता वाचायला लागतं, म्हणून टेस्टिंगमधल्या मैत्रिणीला पटवलं, मोबदला म्हणजे दर रविवारी मिसळ. पहिली शंभर झाली, माझ्याकडे ६० बग, तिच्याकडे पण ६०, आम्ही टाळी दिली. मग ओळीला ओळ लावून बघितलं तर आकडा सेम पण तिकिटं वेगळी, फक्त ७२ वर एकमत. तरी ७२ काही वाईट नाही असं मला वाटलं. पण दोघीही डोळे मिटून ६०-४० वाटत बसलो असतो तरी ५२ तिकिटं नुसत्या नशिबानं जुळली असती. म्हणजे उरलेल्या ४८ पैकी खरी कमाई २०, यालाच कोहेनचा कॅपा म्हणतात, आमचा आला ०.४२. (आईला ते ‘कप्पा’ ऐकू यायचं, रोज विचारायची कुठला कप्पा एवढा लावतेयस.)

भांडण कशावर? एका तिकिटात जावाडॉक (कोडसोबत कॉमेंटमधे लिहिलेली माहिती) म्हणतं नल, म्हणजे ‘काहीच नाही’, दिला तर एक्सेप्शन, म्हणजे एरर येईल, आणि कोड गपचूप रिकामी स्ट्रिंग (रिकामा मजकूर) परत देतो. ती म्हणे सरळ बग आहे, वापरणारा फसला ना. मी म्हणे कोड मुद्दाम तसा आहे, जावाडॉक जुनं राहिलंय. उलट एखादी गोष्ट फार हळू चालते हे मला बग वाटायचं आणि ती म्हणायची बरोबर उत्तर येतंय ना मग ती सुधारणा. दोन रविवार यात गेले. शेवटी नियम लिहिला की फिक्स उघडून बघायचा, फक्त कॉमेंटच्या ओळी बदलल्या असतील तर ते डॉक्युमेंटेशन, आणि वेग कमी होणं तेव्हाच बग जेव्हा आधीच्या व्हर्जनमधे तीच गोष्ट जलद होत होती. असे अकरा नियम झाले, दीड पान. मग सरांनी सांगितलं तीच शंभर परत नाही करायची, नवीन घ्या, नाहीतर आठवणीनं जुळेल. नवीनमधे ८८ जुळली, कॅपा ०.७६. उरलेली तिकिटं मग वाटून घेतली.

आणि तो सुंदर ग्राफ? जास्त जणांनी हात लावलेल्या फाइलीत बग जास्त, असं तो ठणकावून सांगत होता. बग आहे-नाही ही लेबलं साफ केल्यावर उतार निम्मा झाला, फाइलीचा आकार हिशेबात धरल्यावर जवळजवळ आडवाच. मोठ्या फाइलीत माणसं पण जास्त आणि बग पण जास्त, एवढंच होतं ते. मला रडू यायचं बाकी होतं, सर मात्र खूश.

व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी थ्रेट्स टू व्हॅलिडिटीचं (निकाल कुठे चुकीचे ठरू शकतात त्याचं) प्रकरण उघडलं आणि विचारलं, दोघीच वाचणाऱ्या, त्यात मैत्रिणी, तर एकमेकींच्या कलानं नाही ना घेतलं? मी पहिल्या फेरीचे २८ वाद काढून दाखवले. त्यांनी त्यातलं ते नलवालं तिकीट वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, हा तर बगच आहे.