उजनी धरणातले मासे, धातूंची तपासणी : नोंद 3

पहिल्या दोन फेऱ्यांचे आकडे का जुळत नव्हते ते सापडलं. एक अहवाल ओल्या (पाण्यासकट) वजनावर होता, दुसरा सुक्या. माशाच्या मांसात साधारण 80 टक्के पाणी असतं, त्यामुळे सुक्या वजनावर 0.5 मिलिग्रॅम प्रतिकिलो पारा दाखवणारा मासा ओल्या वजनावर 0.1 च भरतो. पाचपट फरक! एफएसएसएआय या देशाच्या अन्न सुरक्षा संस्थेच्या मर्यादा (शिकारी नसलेल्या माशांत पारा 0.5, माशांत शिसं 0.3 मिलिग्रॅम प्रतिकिलो) ताज्या, ओल्या मांसाला लागू होतात. आता नमुन्याच्या अर्जावरच लिहायचं : निकाल ओल्या वजनावर, सोबत ओलाव्याची टक्केवारी.

या फेरीत चिलापी आणि मरळ. प्रत्येक जातीचे 5 मासे, सर्वांत छोटा सर्वांत मोठ्याच्या लांबीच्या पाऊणपटीपेक्षा कमी नको. प्रत्येकाच्या पाठीवरचं, कातडी काढलेलं 20 ग्रॅम मांस घेऊन एकत्र वाटायचं. एकाचं 40 आणि दुसऱ्याचं 10 घेतलं, तर सरासरी जास्त मांस घेतलेल्या माशाकडे झुकते. वजन गोठवण्याआधी करा; वितळताना पाणी गळतं आणि पुन्हा आकडा फसतो. साठवण उणे 20 अंशांवर. फॉर्मॅलिन नको.

कापायला घरची विळी अजिबात नको. तिच्या पात्यातून लोखंड येतं, स्टीलच्या सुरीतून क्रोमियम आणि निकेल. सिरॅमिकची सुरी, प्लास्टिकचा पाट, पावडर नसलेले हातमोजे, आणि दोन माशांमध्ये डिस्टिल्ड वॉटरने धुणं. ज्या पिशवीत गळाची शिशाची वजनं ठेवतो, तिच्यात मासा टाकलेला असेल तर तो नमुना शिशासाठी बादच समजा. धुण्याच्या त्याच डिस्टिल्ड वॉटरची एक कोरी (मासा नसलेली) बाटलीही सोबत पाठवायची. तिच्यात शिसं निघालं, तर दोष माशाचा नाही, आपल्या हाताळणीचा किंवा पाण्याचा.

कोणता भाग घेतला यावर अर्थ ठरतो. पारा (मुख्यतः मिथाइल पारा, म्हणजे पाऱ्याचं विषारी सेंद्रिय रूप) मांसातल्या प्रथिनांना चिकटतो. कॅडमियम यकृत-मूत्रपिंडात, शिसं हाडं, खवले आणि कल्ल्यांत जास्त. म्हणून नुसत्या मांसाचा अहवाल चांगला आला, तरी डोकं घालून केलेल्या कालवणाबद्दल तो काही सांगत नाही. आणि चरबी कापून टाकली, मीठ-हळद लावून ठेवलं, कडक तळलं म्हणून पारा जात नाही. पाणी उडाल्याने प्रतिग्रॅम प्रमाण उलट वाढतं.

मरळ वेगळी का मोजायची, तर ती छोटे मासे खाते आणि वय वाढेल तसा पारा साठत जातो. चिलापी शेवाळ आणि गाळावर चरते, त्यामुळे तिच्या बाबतीत पोटातल्या गाळाची काळजी जास्त.

आता ताटाचा हिशेब. जेईसीएफए या जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओच्या संयुक्त तज्ज्ञ समितीची मिथाइल पाऱ्याची आठवड्याची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे 1.6 मायक्रोग्रॅम. 60 किलोच्या माणसाला 96. माशात 0.25 मिलिग्रॅम प्रतिकिलो असेल, तर आठवड्याला सुमारे 384 ग्रॅम. 15 किलोच्या पोराला तेवढ्याच माशातून 96 ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक मोठी तुकडी. कायद्याच्या 0.5 वर बसणारा मासा असेल तर मोठ्यांनाही 192 च ग्रॅम. ‘मर्यादेत आहे’ आणि ‘रोज खा’ यांत एवढं अंतर आहे. गर्भवतींसाठी तर मोठ्या मरळीऐवजी छोटा मासा हाच सरळ उपाय, कारण मिथाइल पारा गर्भाच्या मेंदूवर परिणाम करतो. शिशाला मात्र सुरक्षित अशी पातळीच नाही. जेईसीएफएने त्याची साप्ताहिक मर्यादा 2010 मध्ये मागे घेतली. घरी शिसं वितळवून वजनं ओतणाऱ्यांनी आधी तो उद्योग थांबवावा, मग माशाची चिंता करावी.

पुढची फेरी : काट्यासकट खाल्ले जाणारे बारीक मासे, एकाच जाळ्यातले, दोन पिशव्यांत. एक पोट काढलेली, एक पोटासकट. दोन्हींत शिसं आणि कॅडमियम.