युरोपवर पीएचडी करताय? आधी भाषा शिका

नेट झाली, पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) झाली, इंटरव्ह्यू झाला की सगळे आधी टॉपिकच्या मागे लागतात. पण मॉडर्न युरोपवर पीएचडी करायची असेल तर आधी भाषा आणि मग टॉपिक, असं मला अगदी मनापासून वाटतं. पुणे विद्यापीठाच्या जयकर लायब्ररीत बसून इंग्रजी पुस्तकं कितीही वाचली तरी मूळ कागद कुणीतरी दुसऱ्यानेच चाळलेले असतात, आपल्याला तर तेच कागद बघायचेत ना.

मी पुण्यातच रानडे इन्स्टिट्यूटला जर्मन शिकले, छापलेलं वाचता यायला लागलं. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीची हातानं लिहिलेली पत्रं बऱ्याचदा कुरेंट नावाच्या जुन्या वळणात असतात, ती आजच्या जर्मन माणसालाही धड लागत नाहीत, कारण १९४१ मध्ये नाझी सरकारने ते वळण शाळांमधून काढून टाकलं. मोडी शिकलेल्यांना हे लगेच कळेल. सुटं अक्षर शोधत बसलात तर अडकता, लिहिणाऱ्याचा हात कसा फिरतो ते डोळ्यात बसावं लागतं आणि त्यासाठी रोज वाचायचं, थोडं का होईना पण रोज.

आणि "पुण्यात राहून पेशवाई सोडून युरोप कशाला" असं विचारणाऱ्यांना मी इरावतीबाईंचं सांगते. पुण्याच्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२८ ला बर्लिनला गेल्या, तिथल्या मानववंशशास्त्राच्या कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऑयगेन फिशरच्या हाताखाली मानवी कवटीच्या असममितीवर, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकावर, पीएचडी केली. गाईड वंशश्रेष्ठत्व मानणारा, पुढे नाझींच्या वंशविज्ञानातलं मोठं नाव झालेला, आणि बाईंची मोजमापं मात्र वंशावरून कवटीत तसा फरक दाखवतच नव्हती. त्यांनी तसंच लिहिलं! परक्या देशात, परक्या भाषेत, गाईडच्या मताविरुद्ध. वायमार काळातलं, म्हणजे पहिलं महायुद्ध संपल्यापासून नाझी येईपर्यंतचं, जर्मन विज्ञान कुठे चाललं होतं हे समजून घ्यायला याहून चांगला धागा मला तरी दिसत नाही, आणि तो सरळ पुण्यात येतो. त्या संस्थेचे जे कागद उरलेत ते बर्लिनला मॅक्स प्लांक सोसायटीच्या अर्काइव्हमध्ये ठेवलेत.

तिकडे जायला डाडची (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांना स्कॉलरशिप देणारी जर्मन संस्था) रिसर्च ग्रँट बघा. त्यासाठी तिथल्या प्रोफेसरचं संमतीपत्र लागतं, तेव्हा ईमेल लवकर करा, सोबत छोटं प्रपोजल जोडा, जमलं तर जर्मनमध्ये.