कझिन बेटावर पाऊल ठेवण्याआधी

सेशेल्समधील कझिन हे बेट ३० हेक्टरांहूनही लहान आहे. प्रास्लिन बेटाच्या किनाऱ्यावरून ते सहज नजरेस पडते, तरीही मनात आले आणि निघालो असे तिथे चालत नाही. बेटावर हॉटेल नाही, बोट लावायला धक्का नाही आणि पर्यटकाला मुक्काम करता येत नाही. वस्ती आहे ती फक्त रक्षकांची आणि अभ्यासकांची. प्रवेश सोमवार ते शुक्रवार आणि तोही सकाळच्या वेळेतच मिळत असल्यामुळे माझ्या सबंध प्रवासाची आखणी मी या एका सकाळीभोवती केली.

देशात शिरण्याचा भाग सोपा होता. सेशेल्ससाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. निघण्यापूर्वी ऑनलाइन प्रवास-परवानगी तेवढी घ्यावी लागते आणि त्यासाठी पासपोर्ट, परतीचे तिकीट व राहण्याच्या जागेचे आरक्षण हाताशी असले की काम होते. माहे या सेशेल्सच्या मुख्य बेटावरून प्रास्लिनला फेरीबोटीने आलो आणि कझिनला नेणाऱ्या बोटीत जागा राखून ठेवली. मात्र तो ऑगस्ट महिना होता. मे ते सप्टेंबर या काळात तिथे आग्नेयेकडून जोराचे वारे वाहतात. ठरलेल्या सकाळी समुद्र इतका खवळलेला होता की बोट निघालीच नाही. दुसऱ्या दिवशी लाटा थोड्या उतरल्या आणि आम्हाला होकार मिळाला.

बेट जवळ आल्यावर आमची बोट किनाऱ्यापासून दूरच थांबली. बाहेरची कोणतीही बोट कझिनच्या वाळूला लागू द्यायची नाही, असा तिथला नियम आहे. रक्षक स्वतःच्या बोटीतून आले, आम्हाला एकेक करून तिच्यात उतरवून घेतले आणि लाटेचा अंदाज घेत त्यांनी ती बोट भरधाव वेगाने सरळ वाळूवर चढवली. घट्ट धरून बसा, असे त्यांनी का बजावले होते ते त्या क्षणी समजले. हा सारा खटाटोप मुख्यतः उंदरांसाठी आहे. जहाजांबरोबर उंदीर जगातील असंख्य बेटांवर पोहोचले आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्ले त्यांनी फस्त केली. कझिनवर उंदीर नाहीत, मांजरेही नाहीत. बाहेरच्या बोटीतून एखादी गाभण उंदरीण उतरली, तरी अनेक दशकांची मेहनत धोक्यात येईल. नको असलेल्या वनस्पतींचे बीही असेच नकळत येऊ शकते. म्हणून बोटीची ही अदलाबदल मला तरी जराही जाचक वाटली नाही.

ही मेहनत किती मोठी आहे ते आमच्या मार्गदर्शक रक्षकताईंनी झाडीत शिरताच सांगितले. पूर्वी इथे नारळाची लागवड होती. सेशेल्स वॉर्बलर हा वटवट्याच्या जातकुळीतला लहानसा पक्षी तेव्हा जगात फक्त या बेटावर उरला होता आणि त्याची संख्या ३० पेक्षाही कमी झाली होती. १९६८ मध्ये, आज बर्डलाइफ इंटरनॅशनल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने हे बेटच विकत घेतले. नारळ हटवून मूळची झाडी वाढू दिली, तसा हा पक्षी सावरला. पुढे सेशेल्समधल्याच इतर बेटांवर, १९८८ मध्ये एराइडवर, १९९० मध्ये कुझीनवर आणि २००४ मध्ये डेनिसवर, काही पक्षी नेऊन सोडण्यात आले, म्हणजे एखाद्या बेटावर संकट आले तरी जात टिकून राहील. आज कझिनचा कारभार नेचर सेशेल्स ही संस्था पाहते. त्या बोलत असतानाच एक वॉर्बलर आमच्या डोक्यावरच्या फांदीत पानांच्या खालच्या बाजूचे किडे टिपत होता. दिसायला साधा, करडा-हिरवट, पण त्याच्यावरून माझी नजर हटेना.

इथल्या प्राण्यांना माणसाचे भय जवळजवळ नाहीच. एका झाडाच्या बुंध्याशी शुभ्र ट्रॉपिकबर्ड अंड्यावर बसली होती. आम्ही वाटेने पुढे गेलो, पण ती जागची हलली नाही. पांढरा सुरय तर घरटे बांधतच नाही, उघड्या फांदीवरच्या खळग्यात एकच अंडे घालतो. त्याचे एक करडे पिल्लू मला डोळ्यांच्या उंचीवर दिसले. वारा फांदी गदगदा हलवत होता आणि ते आपल्या वयाच्या मानाने मोठ्या नख्यांनी सालीला चिकटून बसले होते. पिसोनियाच्या झाडांवर नॉडी पक्ष्यांची दाटी होती. या झाडाचे चिकट बी पिसांना लागून दूरच्या बेटांवर जाते, पण फार बिया चिकटल्या तर पक्ष्याला उडता येत नाही आणि तो मरतो. ज्या झाडाने आसरा दिला तेच असे जिवावर उठते, आणि रक्षक या व्यवहारात शक्यतो ढवळाढवळ करत नाहीत. मला ते पाहणे जड गेले. पायाखाली सापसुरळ्या इतक्या की प्रत्येक पाऊल बघून टाकावे लागत होते. महाकाय कासवे वाटेतच पहुडलेली होती. डासही भरपूर आहेत, तेव्हा अंगभर कपडे घालूनच जावे.

सेशेल्सचा दुर्मिळ दयाळही दिसला. ही जात एकेकाळी केवळ फ्रिगेट बेटावर उरली होती आणि तिथून ती कझिनवर आणली गेली. पाचोळ्यात हालचाल झाली की तो उड्या मारत अगदी बुटांपाशी यायचा.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी महिना विचारपूर्वक निवडावा. नॉडींची वीण पाहायची असेल तर वाऱ्याचे महिने पत्करावे लागतात आणि उतरताना चिंब भिजण्याची तयारी ठेवावी लागते, म्हणून कॅमेरा पाणी न शिरणाऱ्या पिशवीतच हवा. हॉक्सबिल कासवे साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात अंडी घालायला येतात आणि सेशेल्समध्ये ती भर दिवसा वाळूवर चढतात. महिना कोणताही असो, कझिनची फेरी प्रास्लिनच्या मुक्कामाच्या सुरुवातीलाच ठरवावी, म्हणजे समुद्राने एखादी सकाळ नाकारली तरी शुक्रवारच्या आत दुसरी सकाळ हाती राहते.