जवळा घरचा की विकायचा?

कोणाचा वेळ कशात जातो हे मोजणाऱ्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्या ६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला कालचा दिवस विचारतात. पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशीचे पहाटे ४, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने. २०१९ मध्ये ते पहिल्यांदाच देशभर झालं, तेव्हा मी हर्णै बंदरालगतच्या एका वाडीत फॉर्म भरत फिरत होते.

"काम काय करता?" विचारलं की "काय नाय, घरीच असते" हे ठरलेलं उत्तर. म्हणून एका घरातल्या वहिनींना मी थेट पहाटच विचारली. तर "बांग झाल्यावर उठले". मग ओहोटी, मग दापोलीची एसटी. घड्याळ कुठेच नाही! मशिदीतल्या बांगेची वेळ मोबाइलवर शोधून पहिला रकाना भरला.

लिलावात ओला जवळा (अगदी बारीक कोळंबी) घेतला, वाळूवर पसरला, हलवत बसल्या. मांडीवर नातू, हातात कावळे हाकायची काठी. एका रकान्यात जास्तीत जास्त तीन कामं लिहायची, तीही किमान १० मिनिटांची. कावळ्यांचं काय करू?

सासूबाई आतून म्हणाल्या, "कावळे काय वेळ लावून येतात? सारखेच येतात. लिव्ह तू."

खरी पंचाईत पुढेच होती. जवळा विकायचा की घरचा? दोन्हींचे संकेतांक वेगळे.

"विकून उरला तर घरचा," वहिनी म्हणाल्या.

मला एम.ए.ला वाचलेल्या एस्टर बोसेरप आठवल्या. डॅनिश अर्थतज्ज्ञ, संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगात नोकरी, १९५७ मध्ये भारतात मुक्काम. शेतात राबणाऱ्या बाईचं काम विकासाच्या हिशेबातून निसटतं, हे त्यांनी १९७० मध्ये ठणकावून मांडलं. घरच्या वापरासाठी केलेलं उत्पादनही 'काम'च, हे जिनिव्हातल्या श्रम-सांख्यिकीतज्ज्ञांच्या परिषदेने मान्य करायला २०१३ उजाडलं. एवढं होऊनही आमचा फॉर्म त्या जवळ्याचा हेतू विचारतोच, आणि तो वाळेपर्यंत कोणालाच ठाऊक नसतो. मी 'विक्रीसाठी' लिहिलं.

त्या वर्षीचा निकाल आला तेव्हा आपल्याच घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७.

वहिनींचा नवरा होडीवर होता. त्याचा दिवस सासूबाईंनी सांगितला: मासे धरले, झोपला. दोन मिनिटांत पान संपलं. होडीवर भात कोण रांधतं, जाळं कोण शिवतं, विचारलं तर म्हणाल्या, "तेच करतात की. पन ता काय काम हाय?"

संध्याकाळी होडी लागल्यावर त्यालाच गाठायचं ठरवून मी पुढच्या घरी गेले.