भाच्याची केस आणि सोल्युशनची ट्यूब

माझं सासवडला टू-व्हीलरचं गॅरेज आहे. ताई पुण्यात राहते. गेल्या वर्षी तिच्या वस्तीत पोरांच्या टोळक्यानं रात्री कोयते घेऊन उभ्या गाड्या फोडल्या. मध्ये पडलेल्या एका रिक्षावाल्याच्या खांद्याला लागलं. त्या टोळक्यात आमचा भाचाही होता. वय सोळा. नाव लिहीत नाही, तशी कायद्यानंच मनाई आहे.

अशा पोरांना लॉकअपमध्ये ठेवत नाहीत, बेड्या घालत नाहीत. चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर नेतात. पुण्यात ते येरवड्याला भरतं. आधी वयाचा पुरावा लागतो. त्यात शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पहिलं धरतात. ते नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची तपासणी. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यातली एक तरी बाई.

पहिल्या तारखेला जामीन झाला नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्यात गुन्हा किती मोठा यापेक्षा पोरगं सुटून कुठं जाणार, कुणाच्या नादाला लागणार, हे बघतात. आमचं उत्तर होतं, त्याच चौकात. त्यामुळे त्याला निरीक्षणगृहात, म्हणजे केस चालू असताना अशा पोरांना ठेवतात तिथं, ठेवलं.

मग परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, ताईच्या घरी आले. दोन आठवड्यांत त्यांना मंडळाला सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो, आणि माझ्या मते अख्ख्या केसचा जीव त्या अहवालात आहे. गल्लीतल्या हुशार लोकांनी ताईला पढवून ठेवलं होतं, "नशेचं काही बोलू नका, पोरगं आत सडेल." ती चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेली ती बाहेरच येईना. साहेब वहीत लिहीत होते. शाळा कधी सुटली, घरी कोण मारतं, पैसे कुठून येतात. शेवटी मी म्हणालो, "ताई, ये बाहेर. तूच सांग." ती दारात उभी राहिली आणि पदर हातात पिळत सगळं बोलली. आठवीपासून रुमालावर पंक्चर चिकटवायचं सोल्युशन ओतून त्याचा वास ओढतो, पुढे बटन, म्हणजे नशेच्या झोपेच्या गोळ्या, त्या रात्रीही गोळ्या खाल्लेल्या. साहेबांनी एवढंच विचारलं, "गोळ्या देतं कोण?" पोराला नशेचं सामान देणाऱ्याला त्याच कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, हे मला तेव्हा कळलं.

खरं सांगितल्यानं तो आत सडला नाही. मंडळानं त्याला जामिनावर माझ्या ताब्यात दिलं, वर व्यसनमुक्तीच्या उपचारांची अट घातली. लपवलं असतं तर तो तसाच नशेत घरी आला असता.

पण व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी वेगळाच प्रश्न काढला. "मामा, तुमचा धंदा काय?" गॅरेज म्हटल्यावर त्या गप्प झाल्या. माझ्या फळीवर पंक्चरच्या सोल्युशनच्या ट्यूबा, डब्यात थिनर, बाटलीत पेट्रोल. म्हणजे मी त्याला बरं करायला आणणार होतो ते थेट गुत्त्यात. मग त्याला मेव्हण्याच्या अंजिराच्या बागेत पाठवला. सकाळी तोडणी, दुपारी मेव्हण्याची मुलगी अभ्यास घ्यायची. चिकानं बोटं सोलली म्हणून कुरकुरायचा. सुरुवातीच्या रात्री तर झोप नाही, अंगाला घाम, एकदा रागात दाराची कडीच उपटली. मेव्हणा वैतागला होता, त्याला दोष देत नाही.

पुढे एका तारखेला पुण्याला गेला आणि मित्रांबरोबर ओढून आला. शर्टाला वास येत होता. ताई म्हणाली, साहेबांना कळवू नकोस. मी कळवलं. त्यांनी उचलून आत टाकलं नाही. पुन्हा उपचार सुरू करायला लावले आणि दर आठवड्याला त्याला हजेरी द्यायला लावली. समुपदेशक बाई म्हणाल्या, स्लिप, म्हणजे मध्येच पुन्हा नशा, होतेच, लपवली की मुरते.

शेवटी आदेश झाला तो चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडल्याचा. परिविक्षा अधिकाऱ्यांची देखरेख, उपचार पुढे चालू, आणि त्या चौकात पाय ठेवायचा नाही. दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. पुढे नोकरीत ही केस आडवी येईल का, असं त्यानं विचारलं. त्याच कायद्याचं कलम २४ वाचून दाखवलं. अशा केसमुळे अपात्र ठरवता येत नाही. त्याचा विश्वास बसला नाही. वकिलांना फोन लावून दिला तेव्हा कुठं बसला.

रिक्षावाले काका मात्र आमच्याशी बोलत नाहीत. औषधाचा खर्च ताईनं दिला, तो त्यांनी घेतला, पण माफी ऐकून घेतली नाही. त्यांचंही बरोबर आहे.

सध्या भांडण गणपतीवरून चालू आहे. मित्रांचं मंडळ त्याच चौकात. "मामा, फक्त विसर्जनाला," म्हणतो. मी म्हटलं, साहेबांना तूच विचार. त्यानं विचारलं, त्यांनी "नाही" म्हणून सांगितलं. तेव्हापासून माझ्याशी फुगून आहे.