तुम्ही विचारलंत म्हणून: भाजल्यावरही परत का गेले

"एकदा एवढं तोंड भाजलं, तरी परत गेलीस?" नणंदेनं विचारलं, शेजारच्या काकूंनी विचारलं, बँकेतल्या मुलींनी तर डबा खाताना सगळ्यांसमोर विचारलं. मी दर वेळी विषय बदलते. चेहरा नीट दिसावा म्हणून करायच्या उपचारांकडे मी परत का गेले, ते आता एकदा नीट सांगते.

आधी ते भाजणं. गालांवर वांगाचे डाग होते आणि पुतणीचं लग्न तोंडावर आलं होतं. क्लिनिकमध्ये म्हणाले, आयपीएल करा, म्हणजे यंत्रातून तीव्र प्रकाशाचे झोत. सुई नाही, चाकू नाही, नुसता प्रकाश. डॉक्टर दिसलेच नाहीत. एका मुलीनं डोळ्यांवर चष्मा चढवला, गार जेल फासलं आणि यंत्राचं टोक गालाला टेकवलं. झपकन उजेड पडला, कानाजवळची लव जळल्याचा वास आला. "अगं, भाजतंय," मी म्हटलं. "मॅम, थोडं लागतंच." संध्याकाळी दोन्ही गालांवर लाल चौकटी उमटल्या, त्या टोकाच्या काचेच्या मापाच्या, कडा अगदी सरळ. आठवडाभरात त्या काळ्या पडल्या.

तो प्रकाश मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, तापवतो. गोऱ्या कातडीत डाग तेवढा तापतो. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन सगळीकडेच, म्हणून सगळी कातडीच तापते, आणि भाजलेली सावळी कातडी बरी होताना काळी पडते. वांग तर अशा उष्णतेनं वाढूही शकतो. हे मला खुर्चीवर बसवायच्या आधी सांगायला हवं होतं. माझा रंग त्यांना दिसत होता.

हळदीच्या वेळी जाऊबाईंनी हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं. "तेल उडालं का गं?" मी म्हटलं, "हो, कुरडया तळताना." लगेच चार जणी जवळ आल्या. कुणी कोरफड सांगितली, कुणी मध. एकीनं माझ्या हातातलं ताट काढून घेतलं, बस जरा म्हणाली. खरं सांगितलं असतं तर त्याच म्हणाल्या असत्या, या वयात कशाला हे सोस? डाग तेच, दुखणंही तेच. खोटं बोलावं लागलं, याची चीड अजून जात नाही.

ते डाग घालवायला त्वचारोगतज्ज्ञ बाईंना बरेच महिने लागले. सनस्क्रीन, रात्री लावायचं क्रीम, आणि उन्हात जायचं नाही. नंतर त्यांच्याकडेच मी भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सचं इंजेक्शन घेतलं. "ते विष ना?" हो, जिवाणूचं विष. डॉक्टरांनी ते आधी तिरळेपणावर वापरलं. अगदी थोड्या मात्रेत ते मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही. तीन-चार महिन्यांनी निरोप पुन्हा पोचू लागतो आणि आठीही परत येते.

का घेतलं? काउंटरवर लोक म्हणत, "मॅडम, रागावलात का?" घरी नवराही जेवताना तेच विचारायचा. मी रागावलेली नसायचे. हे कारण खरं आहे, पण पुरतं नाही. मला छान दिसायचंही होतं. चोपन्नाव्या वर्षीही दिसायचं आहे. कलप लावणाऱ्या मेहुण्यांना कुणी जाब विचारत नाही.

चाळिशीत मीच एका सहकारी बाईंना सुनावलं होतं, "सुरकुत्या कमावलेल्या असतात, लपवायच्या कशाला?" तेव्हा मला सुरकुत्या नव्हत्या, असं मी आज त्या चाळिशीतल्या मला सांगते. पण तीही गप्प बसत नाही. "तुला आठी खुपते की लोकांची नजर?" ती विचारते. याचं उत्तर मी कधी एक देते, कधी दुसरं.

आता माझी सव्वीस वर्षांची लेक म्हणते, आठ्या पडायच्या आधीच बोटॉक्स घेते, मैत्रिणी घेतात. मी नको म्हटलं. "मग तू का घेतेस?" आमचं हे भांडण मिटलेलं नाही. पुढच्या तारखेला मी जाणार आहे, आणि तिला बरोबर नेणार नाही.