बेसमेंटची खिडकी आणि परमिटची वाट

नाशिकहून आई-अप्पा सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आमच्याकडे येणार होते. त्यांची झोपायची सोय बेसमेंटमध्ये करायचं ठरलं. आधीच्या मालकांनी तिथे भिंती उभारून, कार्पेट घालून खोली तयारच ठेवली होती. पण खिडक्या म्हणजे छताला टेकलेल्या दोन चिंचोळ्या फटी. खाली आग लागली आणि जिन्यात धूर भरला, तर अप्पा बाहेर कसे पडणार?

बाकीचे धोके पटापट निस्तरले. वॉटर हीटरच्या सुरक्षा-व्हॉल्व्हच्या नळीला कुणीतरी बूच मारून ठेवलं होतं, ते प्लंबरने त्याच दिवशी काढलं. दाब वाढला की गरम पाणी त्याच नळीतून बाहेर यायचं असतं, त्यामुळे ती कधीच बंद करायची नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला. रेडॉन हा किरणोत्सारी वायू मोजला, तो प्रति लिटर ४ पिकोक्युरींच्या वर निघाला. या आकड्याला घर दुरुस्त करून घ्यावं असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणाऱ्या या वायूला ना वास ना रंग. फरशीखालची हवा ओढून छताच्या वर सोडणारा पाइप आणि पंखा बसवला, आकडा खाली आला. थोड्या दिवसांची चाचणी असेल तर तिच्या आधी १२ तास आणि चाचणी चालू असेपर्यंत दारं-खिडक्या बंद ठेवायच्या, नाहीतर आकडा खोटा येतो.

अडलं ते खिडकीपाशी. झोपायच्या खोलीतून सुटकेची खिडकी हवी: मोकळी जागा किमान ५.७ चौरस फूट, उंची २४ इंच, रुंदी २० इंच, आणि चौकटीची खालची कड खोलीच्या फरशीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको. म्हणजे पायाची काँक्रीटची भिंत कापायची, बाहेर खड्डा खणायचा, आणि त्यासाठी टाउनशिपचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, परमिट.

आमच्या बांधकाम खात्यात इमारत, वीज आणि अग्निसुरक्षा यांचे अधिकारी वेगळे. प्रत्येकजण आपल्यापुरतंच बघतो. विजेचे अधिकारी तर अर्धवेळ, ठरावीक संध्याकाळीच भेटायचे. अर्जावर कामकाजाच्या २० दिवसांत निर्णय द्यावा असा राज्याचा नियम आहे, आणि मी त्यावर विसंबून आई-अप्पांची तिकिटं काढली होती. अर्ज परत आला: खड्ड्याचा उभा छेद नकाशात नाही. तो काढून दिला. पुन्हा वाट. मग विजेच्या विभागाचं पत्र: भिंतीमागच्या वायरिंगचं परमिट कधी घेतलेलंच नाही, ड्रायवॉल (जिप्समच्या पाट्यांची भिंत) उघडून दाखवा. ही गोष्ट पहिल्या दिवसापासून त्यांच्याच फाइलमध्ये होती! तेव्हाच सांगितली असती तर दोन्ही कामं एकदम झाली असती. ते निस्तरतोय तोवर अग्निसुरक्षेचं पत्र आलं, की सगळ्या मजल्यांवरचे धुराचे अलार्म एकमेकांना जोडलेले हवेत.

खात्याच्या काउंटरवरच्या बाईंना मी विचारलं, सगळ्या उणिवा एकाच पत्रात का देत नाही? त्यांचं उत्तर एवढंच, की प्रत्येक विभाग आपलं पत्र स्वतंत्र पाठवतो. तोवर आई-अप्पा येऊन दिवाणखान्यातल्या सोफ्यावर झोपत होते. रोज सकाळी अप्पांना गुडघे धरून उठताना बघितलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

शेवटी फोटो, नकाशा आणि आधीची पत्रं घेऊन बांधकाम खात्याच्या मुख्य अधिकाऱ्यांना समक्ष भेटले. त्यांनी तिन्ही विभागांची यादी एका कागदावर लिहून दिली, आणि त्यानंतर काम सरळ झालं. तुम्ही ही भेट अगदी सुरुवातीलाच मागा.

ड्रायवॉल उघडायला लावलं ते मात्र योग्यच होतं. आत जोडाच्या बॉक्सशिवाय नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या वायरी निघाल्या, लाकडाला चिकटून. त्याच भिंतीला टेकून पलंग ठेवायचं आम्ही ठरवलं होतं. मागणीबद्दल माझी तक्रार नाही. ती तुकड्यातुकड्याने आली, याचा राग अजून गेलेला नाही.

आणखी एक राहिलंच. खड्डा खणण्याआधी ८११ ला फोन करा, किमान ३ कामकाजाचे दिवस आधी. गॅस आणि विजेच्या लाइनी कुठून जातात त्याच्या खुणा ते फुकट करून देतात. खड्डा ४४ इंचांपेक्षा खोल असेल तर त्यात पक्की शिडी लागते, ती नकाशातच दाखवा. आणि भिंत कापून झाली की रेडॉन पुन्हा मोजून घ्या.